खारबावच्या बांधावरून दिसणारी राज्ये



आज तुम्हाला खत, बियाणे किंवा तुडतुड्यांविषयी काही सांगणार नाही. आज तुम्हाला माझ्याबरोबर एका बांधावर न्यायचे आहे. हा बांध भिवंडी तालुक्यात खारबावच्या बाजूला, उल्हास नदीच्या खाडीकडे आहे.

खारबावला जायचे तर दिवा-वसई गाडी पकडावी. गाडीच्या फेऱ्या मोजक्याच असल्याने ती चुकली की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. रस्त्याने यायचे तर भिवंडीहून कामणमार्गे वसईकडे जाणारा रस्ता गावावरूनच जातो. दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामे लागतात, मालमोटारींची रांग लागते आणि मध्येच एखादे हिरवे भातखाचर दिसते. खाडीकडे उतरले की तिवरांची झाडी, खारे वारे आणि चिकट काळी माती. पलीकडच्या तीरावर येऊरची डोंगररांग दिसते. गावाच्या नावातच खार आहे, तेव्हा जमिनीचा स्वभाव वेगळा सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात या भागात बियाण्याच्या बैठकीला गेलो होतो. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या ‘पनवेल’ जातींच्या भाताविषयी बोलणे चालू होते. बैठक संपल्यावर शाळेतली एक मुलगी पुढे आली. तिच्या हातात इजिप्तच्या पिरॅमिडचे चित्र असलेले पुस्तक होते. तिने विचारले, “साहेब, इजिप्तमध्ये पाच हजार वर्षांपूर्वी मोठमोठी शहरे होती, राजे होते. आपल्या गावाकडे तसले काही कधी नव्हतेच ना?”

तिचे वडील हसले. म्हणाले, “आपल्याकडे चिखल आणि मच्छर.”

मी मात्र हसलो नाही. त्या मुलीला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते आज लिहीत आहे. तुमच्याही घरात असे विचारणारे पोर असेलच, त्याला हे वाचून दाखवा.

नाईल नदीचे खाचर

प्रथम इजिप्त, म्हणजे आपली जुनी माणसे ज्याला मिसर म्हणतात तो देश पाहू. पिरॅमिड बाजूला ठेवा आणि शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. हा देश जवळजवळ सगळाच वाळवंट. पाऊस नसल्यासारखा. मधून एक नाईल नदी वाहते आणि तिच्या दोन्ही काठांना पट्ट्यासारखी काळी जमीन आहे. आपल्याकडे ज्या दिवसांत मोसमी पाऊस पडतो, त्याच दिवसांत आफ्रिकेतील इथिओपियाच्या डोंगरात पाऊस पडायचा आणि त्याचा पूर खाली इजिप्तमध्ये यायचा. पाणी शेतात पसरायचे, गाळ सोडायचे, जमिनीतला खार धुऊन न्यायचे आणि ओसरायचे. मग शेतकरी त्या ओल्या गाळात गहू, जव आणि जवस पेरायचा.

त्यांच्या वर्षाचे तीनच हंगाम होते. पहिला पुराचा, दुसरा पीक वाढण्याचा आणि तिसरा कापणीचा. पूर कमी आला तर दुष्काळ, जास्त आला तर बांध आणि घरे वाहून जाणार. म्हणून पुराची उंची मोजायला नदीकाठी पायऱ्या आणि खुणा केलेले खांब असत. पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढले हे पाहून यंदा धान्य किती येणार आणि सारा किती घ्यायचा याचा अंदाज सरकार बांधी. आपली आणेवारी आठवली ना? माणसे बदलली, देश बदलला, पण सरकारी कारकून आणि शेतकरी यांचा हिशेब फार जुना आहे.

या धान्यावर राज्ये उभी राहिली. इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० च्या सुमारास वरचा आणि खालचा इजिप्त एका राजाखाली आला. मेम्फिस ही जुनी राजधानी. तिच्याजवळच गिझा येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी खुफू राजाचा पिरॅमिड बांधला गेला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती. तो बांधणाऱ्या हजारो हातांना रोज भाकरी लागे आणि ती नाईलकाठच्या खाचरातूनच येई. पुढे दक्षिणेकडचे थीब्ज मोठे झाले. राजघराण्यांमागून राजघराणी आली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मॅनेथो नावाच्या इजिप्शियन पुजाऱ्याने त्यांची यादी केली. त्याने जुन्या राजांची तीस घराणी मोजली आणि आजही अभ्यासक तीच मोजणी वापरतात.

आता एक गोष्ट सांगतो, ती खाडीकाठच्या माणसाने नीट ऐकावी. दुसरा रामसेस नावाचा मोठा बलाढ्य राजा इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात होऊन गेला. नाईल समुद्राला मिळण्यापूर्वी तिला फाटे फुटतात. त्यांतल्या पूर्वेकडच्या एका फाट्यावर त्याने पी-रामसेस नावाची राजधानी वसवली. मंदिरे, घोड्यांच्या पागा, गोदी, सगळे होते. पण दोनेकशे वर्षांत तो फाटा गाळाने भरला. पाणी गेले, नावा गेल्या, मग माणसेही गेली. पुढच्या राजांनी तिथले पुतळे आणि कोरीव दगड उचलून दुसऱ्या फाट्यावरच्या टॅनिस या नव्या शहरात नेले. रामसेसचे नाव असलेले दगड टॅनिसला सापडले, तेव्हा त्याची राजधानी हीच असे अभ्यासकांनाही कित्येक वर्षे वाटत होते. खरे शहर शेतांखाली गाडलेले होते.

एवढा मोठा राजा, पण त्याच्या शहराचा घास शत्रूने नव्हे, गाळाने घेतला. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या खाडीवर हेच घडले आहे.

आपली नाईल

बांधावर उभे राहा आणि खाडीकडे पाहा. वरच्या अंगाला, उजाडते त्या बाजूला कल्याण. खालच्या अंगाला, खाडी समुद्राला मिळते तिथे वसई आणि तिच्या उत्तरेला सोपारा. आपण ज्याला आता नालासोपारा म्हणून लोकलच्या गर्दीमुळे ओळखतो, तेच हे जुने शूर्पारक.

सोपारा हे केवढे गाव होते? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मौर्य सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा देशभर दगडांवर कोरून घेतल्या. साऱ्या महाराष्ट्रात त्याच्या मोठ्या शिलालेखांच्या मालिकेतले तुकडे मिळाले ते या सोपाऱ्यात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावाला नवव्या लेखाचा. त्याच १८८२ साली भगवानलालजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. गावातले लोक त्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेल्या तांबे, चांदी, स्फटिक आणि सोन्याच्या डब्या, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धाच्या आठ लहान मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे होते. गावकऱ्यांनी ज्याला बुरुडाचा कोट म्हटले, त्याच्या पोटात हे सारे शेकडो वर्षे झोपून होते.

वरच्या अंगाचे कल्याणही तसेच. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तिथे दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, सोनार आहे. देशावरचा माल नाणेघाटातून खाली उतरायचा. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. बैलांच्या पाठीवरून माल कल्याणला यायचा, तिथून गलबतात चढायचा आणि भरती-ओहोटी साधून या खाडीतून समुद्राकडे जायचा. आपण उभे आहोत त्या बांधाच्या समोरून!

आता त्या मुलीच्या पुस्तकातला इजिप्त पुन्हा आणू, कारण तो या गोष्टीत आपल्या पायांनी चालत येतो. इसवी सनापूर्वी ३० साली क्लिओपात्रा राणी गेली आणि इजिप्त रोमच्या ताब्यात आला. त्यानंतरच्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या दर्यावर्दीने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव राहिले नाही, पण माहिती राहिली. तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून गलबते जुलैच्या सुमारास निघत आणि मोसमी वाऱ्याच्या पाठबळाने आपल्या किनाऱ्याला लागत. म्हणजे आपल्याकडे आवणीची घाई, तेव्हा त्यांची निघण्याची घाई.

त्या पुस्तकात सोपारा आहे आणि कल्याणही आहे. कल्याणविषयी तो लिहितो त्याचा मतलब असा की, पूर्वीच्या सातकर्णी राजाच्या काळी इथे कायदेशीर व्यापार चाले. पण सत्ता बदलल्यावर बंदराची कोंडी झाली. चुकून एखादे ग्रीक गलबत इथे आले तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांची ही चढाओढ होती, तिचा चटका बंदराला बसला. बाजार समितीच्या भांडणात माल फाटकाबाहेर अडकून पडतो, तसेच हे.

आणि इथून माल काय जाई? तलम सुती कापड, लोखंड हे तर होतेच. पण आपला पश्चिम किनारा आणि गुजरात या बाजूने आफ्रिकेच्या बंदरांकडे गहू, तांदूळ, तूप आणि तिळाचे तेल जाई, असे तोच लेखक लिहितो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही शेतकऱ्याच्या घरचे तूप समुद्रापार जात होते. आपण निर्यातीची भाषा आज नवी म्हणून बोलतो.

तिकडे तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचे बंदर होते. आज तिथे नुसते वाळवंट आहे. तिथे उत्खनन झाले तेव्हा भारतात घडवलेल्या मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. भारताकडून गेलेले सागाचे लाकूड आणि तांदळाचे दाणेही मिळाले. २०२२ साली तिथल्या देवळात संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली, संस्कृत लेख मिळाला आणि दोन नाणी मिळाली. ती नाणी कोणाची? आपल्या सातवाहनांची!

तेव्हा बाई ग, तू विचारलेस ना, आपल्याकडे काही होते का म्हणून? इजिप्तच्या देवळात आपले नाणे पडले होते आणि इजिप्तच्या माणसाच्या वहीत आपल्या खाडीवरच्या दोन गावांची नावे होती.

राजे बदलले, खाडी सरकली

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. इजिप्तसारखीच इथेही घराण्यांची रांग आहे. मौर्य, सातवाहन, क्षत्रप, आभीर, त्रैकूटक, कोकणचे मौर्य, चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव. नावे पाठ करायची गरज नाही. फक्त एक नोंद सांगतो. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात आपली दाने कोरून ठेवली आहेत. नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, त्यांत डहाणूच्या नदीचेही नाव आहे. आणि सोपाऱ्यासह चार ठिकाणच्या साधुमंडळींसाठी ३२ हजार नारळाची झाडे दिली! कोकणातल्या बागायतीची एवढी जुनी लेखी मोजणी वाचून कृषी खात्याच्या माणसाला किती आनंद होतो, ते तुम्ही समजू शकाल.

पण रामसेसच्या शहराचे झाले तेच सोपाऱ्याचे झाले. खाडी गाळाने भरत गेली, गलबते आत येईनात. व्यापार सरकला. शिलाहारांच्या काळी ठाणे, म्हणजे त्यांचे स्थानक, मोठे झाले. मग वसई पुढे आली. १५३४ साली ती गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतली. त्या मोहिमेत खारबावच्या शेजारच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक यांचे नाव इतिहासात मानाने घेतले जाते. त्यानंतर मुंबई आली आणि तिने सगळ्यांनाच मागे टाकले.

एकच पाण्याची वाट, तिच्या काठाने बाजार हलत गेला. सोपारा आज समुद्रापासून आत पडला. मेम्फिसच्या जागी आज खजुराच्या बागा आहेत आणि सोपाऱ्याच्या गोदीवर आज इमारती आहेत. राजधानी आज इथे, उद्या तिथे. जागेवर राहिला तो खाचर करणारा, मासे धरणारा आणि बांध घालणारा.

गाढवाचा दगड

शिलाहारांविषयी जरा थांबून सांगायला हवे, कारण ते आपल्या तालुक्याचे राजे. नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत, सुमारे साडेचारशे वर्षे त्यांनी उत्तर कोकणावर राज्य केले. अंबरनाथचे शिवमंदिर त्यांचेच, तिथल्या लेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे.

भिवंडी तालुक्यातल्या भादाणे गावाचे नाव ज्यांच्याशी जोडले आहे ते ताम्रपट शके ९१९ चे, म्हणजे इसवी सन ९९७ चे आहेत. अपराजित नावाच्या शिलाहार राजाने ते गाव लवणेतट येथील लोणादित्य या सूर्यदेवाच्या देवळाला दिले, असे त्यात आहे. लवणेतट म्हणजे आजचे लोनाड, भिवंडी ओलांडून कल्याण-पडघ्याच्या बाजूचे. त्या ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. नुकतेच तैलप चालुक्याने राष्ट्रकूटांचे राज्य बुडवले होते. अपराजिताने आपल्या गेलेल्या धन्याविषयीची हळहळ त्या ताम्रपटात नोंदवली आहे. गाव दान देताना राजा सांगतो आहे की, ज्यांच्या सावलीत होतो ते झाड उन्मळून पडले.

लोनाडजवळच्या चौधरपाड्याला केशिदेव राजाचा शके ११६१ चा शिलालेख मिळाला आहे, त्यातही गाव दान दिल्याची नोंद आहे. तेराव्या शतकात, १२६५ च्या सुमारास, देवगिरीच्या महादेव यादवाशी समुद्रावर झालेल्या लढाईत शेवटचा सोमेश्वर राजा बुडाला आणि हे घराणे संपले.

राजे गेले, पण त्यांचे दगड गावोगाव राहिले. तुम्ही ते पाहिले असतील. उभा दगड, वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरे किंवा कोरी जागा, खाली गाढव आणि बाई. याला गधेगाळ म्हणतात, गावात ‘गाढवाचा दगड’. चंद्र-सूर्य असेतोवर हे जमिनीचे दान चालेल आणि जो मोडील त्याला हा घाणेरडा शाप, असा त्याचा अर्थ. शाप पुरुषाच्या गुन्ह्याचा आणि विटंबना बाईची, ही रीत काही आपण मिरवावी अशी नाही. पण तो दगड म्हणजे त्या काळचा सातबारा होता, हे ध्यानात घ्या. अलिबागजवळ आक्षीला असाच एक दगड आहे, त्यावर शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ वाचतात. मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. आपली भाषा सुरुवातीला दगडावर उतरली त्यात दानाची नोंद होती!

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

नोकरीची पहिली वर्षे होती. खाडीकाठच्या एका गावात, गावाचे नाव सांगत नाही, भाद्रपदातल्या उधाणाने बांधाला खांड पडली. खारे पाणी पोटरीतल्या भातात शिरले. तुम्हाला माहीत आहे, अशा वेळी तास मोजावे लागतात. पुढच्या भरतीच्या आत खांड बुजली नाही तर ते पीक तर जातेच, पण पुढची दोन-तीन वर्षे जमीनही धड होत नाही. सगळे गाव घमेली घेऊन आले. मातीच्या पोटात घालायला दगड कमी पडले. देवळामागे दोन-तीन मोठे दगड पडलेले होते. मी तरुण, बी.एस्सी. ॲग्री. होऊन आलेला, घाईत म्हणालो, “ते आणा.”

एक म्हातारी बाई आडवी आली. म्हणाली, “सायेब, तो दगर नका टाकू. तो शपथेचा हाय.” त्या दगडावर हात ठेवून गावात बांधाबांधांचे तंटे मिटवत, असे तिचे म्हणणे. मी तिला समजावले, “आजी, दगड मोठा की भात मोठा?” चौघांनी दगड उचलला. पालथा होता. उलटला तेव्हा वर चंद्रकोर दिसली आणि खाली अक्षरांच्या ओळी. मी पाहिले आणि तरीही टाका म्हणालो, कारण पाणी चढत होते.

खांड बुजली. भात बरेचसे वाचले. गावाने माझा सत्कार केला, नारळ दिला. म्हातारी आली नाही.

पुढे काही वर्षांनी शिलाहारांविषयी वाचायला लागलो, तेव्हा काय केले ते उमगले. त्या गावी पुन्हा गेलो. बांध दोनदा नव्याने झाला होता. दगड कुठे खाली गेला, कोणालाच सांगता येईना. म्हातारी वारली होती. त्यावर कोणत्या राजाचे नाव होते, कोणाला कोणते खाचर दिले होते, बांध कोणी राखायचा असे काही लिहिले होते का, हे आता कधीच कळणार नाही. भात वाचवायचे होते हे खरेच. पण दुसरे दगड आणायला दहा मिनिटे लागली असती, हेही तितकेच खरे. म्हातारीला अक्षर येत नव्हते. मला येत होते. दगडाची किंमत तिला कळली, मला कळली नाही.

आता तुमच्या हातात काय आहे

भिवंडी तालुक्यात आज काय चालले आहे ते तुम्ही पाहताच. खाचरांत भराव पडतो आहे, गोदामे उठत आहेत. जमीन विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. मजुरी परवडत नाही, भाताला भाव नाही, मुलांना शेती नको. ज्याचे जळते त्यालाच कळते. पण भराव टाकायला जेसीबी येतो तेव्हा तो माती आणि इतिहास वेगळा करत नाही. आमच्या खांडीत एक दगड गेला. इथे एका दिवसात किती जातील?

आणि दुसरी गोष्ट, पाण्याची. इजिप्तमध्ये १९७० साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले. वीज मिळाली, बारमाही पाणी मिळाले, पण दरवर्षीचा पूर थांबला. गाळ थांबला, खार धुऊन जाणे थांबले. आज तिथल्या शेतकऱ्याला खत आणि निचरा यांसाठी पैसा मोजावा लागतो. पाण्याची जुनी वाट बदलली की तिची किंमत कोणी तरी मोजतोच. आपल्याकडे उघाडीची वाट भरावाने बुजवली, ओहोळ अडवले, तर आपल्या शेजाऱ्याच्या खाचरात पाणी तुंबणार. जमीन विकली तरी पाण्याची वाट विकू नका. ती तुमच्या एकट्याची नाही.

जुन्या वस्तूंविषयी चार साध्या गोष्टी करा:

१. शेतात, विहिरीत, बांधात किंवा देवळामागे कोरीव दगड दिसला तर जागेवरून हलवू नका. हलवणे भागच असेल तर आधी फोटो काढा. जागा, तारीख आणि दगड कोणत्या बाजूला तोंड करून होता हे लिहून ठेवा.

२. त्याला शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू नका. भक्ती असेल तर फूल वाहा. अक्षरे रंगाखाली गेली की वाचणाऱ्याचे डोळे हरतात. छिन्नीने अक्षरे ‘साफ’ तर मुळीच करू नका.

३. ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे कळवा, तिथून तहसीलदाराकडे आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे कळवता येते. शाळेतल्या इतिहासाच्या गुरुजींनाही सांगा.

४. जमिनीत नाणी किंवा दागिने सापडले तर वाटून घेऊ नका. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर तो कलेक्टरला कळवावा लागतो. लपवला तर गुन्हा होतो आणि कळवला तर कायद्याने हक्क पाहिला जातो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा बसवून विचारा. कोणत्या दगडाला काय म्हणतात, कोणत्या शेताला जुने नाव काय, कोणत्या जागी शपथ घेत. वहीत उतरवा. मॅनेथोने तेच केले. पुजाऱ्यांकडची जुनी यादी होती, ती त्याने लिहून काढली, म्हणून आज जग तीस घराणी मोजते. तुमच्या गावचा मॅनेथो तुमच्या घरात असेल, बहुधा ती शाळेत जाणारी मुलगीच.

परवा पुन्हा खारबावला गेलो होतो. ती मुलगी भेटली. तिला सोपाऱ्याची, कल्याणची आणि बेरेनिकेच्या नाण्यांची गोष्ट सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग साहेब, तो दगड कुठल्या बांधात आहे?”

मी म्हणालो, “माहीत नाही ग.”

ती म्हणाली, “मग आमच्या बांधात असला तर?”

तिचे वडील या वेळी हसले नाहीत. त्यांनी बांधाकडे पाहिले. यंदा बांधाची डागडुजी करताना माती उपसली की आधी मला कळवीन, असे त्यांनी आपणहून सांगितले. तुम्हीही एवढेच करा. माती उपसताना एकदा थांबा, दगड उलटून पाहा आणि मग पुढचे ठरवा.